कामाची नोंद आणि एकच मास्टर फाइल: रेझ्युमे ताजा ठेवण्याच्या पद्धतीचा वापरानंतरचा अनुभव

भोसरीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे. इंजिनिअर आणि इन्स्पेक्टर घ्यायचे असले की पहिल्या फेरीला मलाही बसवतात, त्यामुळे इतरांचे रेझ्युमे वाचण्याची वेळ वारंवार येते. त्यातूनच स्वतःच्या रेझ्युमेसाठी एक पद्धत बसवली आणि दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीपासून ती सोडलेली नाही. आता तिच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल इतका वापर झाला आहे.

पद्धत साधी आहे. गुगल डॉक्समध्ये एक मास्टर फाइल. तिच्यात माझं सगळं काम, सगळी ट्रेनिंग, सगळ्या तारखा. ही फाइल कुणालाही पाठवायची नाही, म्हणून ती कितीही लांब झाली तरी चालते. अर्ज करायचा असेल तेव्हा तिच्यातून त्या जागेला लागणारा मजकूर उचलून दोन पानांचा रेझ्युमे काढायचा. आणि मास्टर फाइलच्या शेवटी कामाची नोंद, दर बुधवारी. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे आठवडा बुधवारी संध्याकाळी संपतो आणि काय झालं ते डोक्यात ताजं असतं. मी कंपनीच्या बसमध्ये बसून फोनवर मराठीत बोलून नोंद करतो. गुगलच्या कीबोर्डला मराठी बोललेलं बऱ्यापैकी कळतं. इंग्रजी नंतर करता येतं.

या सगळ्यात खरं मोल नोंदीचं आहे, म्हणून एक नोंद जशीच्या तशी देतो. पार्टचं नाव तेवढं बदललं आहे:

«ॲल्युमिनिअम हाउसिंग, बोअर. सेकंड शिफ्टला बोअर लहान भरतोय. इन्सर्ट झिजतो, ऑफसेट कुणी देत नाही. किती पीसनंतर इन्सर्ट बदलायचा ते ठरवलं. दर तासाला एअर गेज, चार्ट मशीनवरच लावला. रिजेक्शन 3.8% होतं, सहा आठवड्यांनी 0.9%. प्रॉडक्शन सुपरवायझर सोबत. कस्टमरने 8डी क्लोज केला.»

एवढंच. (बोअर म्हणजे पार्टमधलं गोल छिद्र, इन्सर्ट म्हणजे ते कापणाऱ्या हत्याराचं बदलता येणारं टोक, ऑफसेट म्हणजे झीज भरून काढायला मशीनला द्यायची दुरुस्ती, एअर गेज म्हणजे हवेच्या मदतीने छिद्र मोजणारं उपकरण, आणि 8डी म्हणजे कस्टमरच्या तक्रारीवर द्यायचा आठ टप्प्यांचा अहवाल.) पण यात अडचण आहे, कारण आहे, मी काय केलं ते आहे, आधीचा आणि नंतरचा आकडा आहे, आणि हे खरं असल्याचं सांगू शकेल असा माणूस आहे. वर्षभराने आठवायला बसलं तर यातलं «रिजेक्शन कमी केलं» एवढंच उरतं. 3.8 होतं की 4.5, इन्सर्टमुळे होतं की फिक्स्चरमुळे, हे कुणाच्याही डोक्यात राहत नाही. रिजेक्शनचे जुने तक्ते कंपनीच्या सर्व्हरवर असतात आणि कंपनी सोडल्यावर ते आपल्याला बघायला मिळत नाहीत.

आता याच कामाची रेझ्युमेतली ओळ. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक रेझ्युमेत ती अशी असते: «रिस्पॉन्सिबल फॉर इन-प्रोसेस इन्स्पेक्शन अँड रिजेक्शन ॲनालिसिस.» ही ओळ भोसरी, चाकण, रांजणगाव इथल्या कुठल्याही क्वालिटी इंजिनिअरच्या नावावर चालेल. नोंदीवरून लिहिलेली ओळ मराठीत सांगायची तर अशी होते: इन्सर्ट बदलण्याची पीससंख्या ठरवून आणि दर तासाला एअर गेजने तपासणी लावून हाउसिंगच्या बोअरचं रिजेक्शन सहा आठवड्यांत 3.8% वरून 0.9% वर आणलं. गुगलमध्ये मनुष्यबळ विभागाचे प्रमुख राहिलेले लॅझ्लो बॉक हेच सूत्र सांगतात: काय साधलं, कशावर मोजलं, काय करून साधलं. हे सूत्र आता पुष्कळांना माहीत असतं, पण त्यात भरायला लागणारा आकडा हाताशी नसतो. तो नोंदीतूनच येतो.

नवीन काम लिहिण्याइतकंच जुने शब्द काढणंही महत्त्वाचं आहे, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. आमच्या क्षेत्रात आयएसओ/टीएस 16949 या क्वालिटी व्यवस्थेच्या मानकाच्या जागी 2016 मध्ये आयएटीएफ 16949 आलं आणि जुनी प्रमाणपत्रं 2018 च्या सप्टेंबरनंतर चालेनाशी झाली. तरी आजही रेझ्युमेत «सध्याची जबाबदारी: टीएस 16949 ऑडिट» अशी ओळ दिसते. एफएमईएचं, म्हणजे कुठे काय बिघडू शकतं ते आधीच शोधण्याच्या पद्धतीचंही तसंच. 2019 च्या एआयएजी आणि व्हीडीए या वाहन उद्योगाच्या संघटनांच्या एकत्रित हँडबुकात आरपीएनच्या (बिघाडाची तीव्रता, वारंवारता आणि तो पकडला जाण्याची शक्यता यांच्या गुणांच्या) गुणाकाराऐवजी ॲक्शन प्रायॉरिटी, म्हणजे कशावर आधी काम करायचं तो क्रम, आली. आरपीएन अजून अनेक ठिकाणी वापरतात, त्यामुळे तो लिहिणं चूक नाही, पण फक्त तोच लिहिलेला असला की समोरचा पहिला प्रश्न तिथूनच काढतो. उमेदवाराला सगळं येत असतं, रेझ्युमे मात्र कित्येक वर्षं तसाच पडलेला असतो. मला अशा वेळी फार वाईट वाटतं, कारण आधीच्या चाळणीत असे कितीतरी चांगले लोक गळून गेले असणार. म्हणून तीन-चार महिन्यांनी एकदा मी मास्टर फाइलमधली मानकं, सॉफ्टवेअरची नावं आणि मशीनचे मेक वाचून काढतो.

दिसण्याबद्दल माझं मत ठाम आहे. एकच कॉलम, साधा फॉन्ट, काळी अक्षरं. दोन कॉलमचे रंगीत टेम्प्लेट छान दिसतात, पण मोठ्या कंपन्यांमध्ये रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं. तपासायची पद्धत सोपी आहे: पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. एका ज्युनिअरचा दोन कॉलमचा रेझ्युमे मी असा पेस्ट करून दाखवला. डावीकडच्या पट्टीतलं «मिनिटॅब, व्हर्निअर, सीएमएम» थेट उजवीकडच्या कंपनीच्या नावाला जाऊन चिकटलं होतं, फोन नंबर शिक्षणाच्या मधोमध आला होता, आणि कौशल्यासमोरच्या पाच ठिपक्यांच्या जागी नुसते चौकोन उरले होते. त्याने त्याच संध्याकाळी टेम्प्लेट बदललं. फोटो, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, धर्म आणि शेवटचं «आय हिअरबाय डिक्लेअर» हे सगळं मी काढून टाकलं आहे. खासगी कंपनीच्या अर्जात त्याची गरज लागत नाही आणि तेवढ्या जागेत कामाच्या चार ओळी बसतात.

नोकरीच्या साइटवरचं प्रोफाइल हा वेगळाच भाग आहे. नोकरी डॉट कॉमवर रेझ्युमे हेडलाइनला 250 अक्षरांची मर्यादा आहे. तिथे «हार्डवर्किंग» लिहून जागा घालवण्यापेक्षा प्रोसेस, पार्टचा प्रकार, मानक आणि गाव लिहावं, कारण रिक्रूटर याच शब्दांनी शोधतात. नोटीस पिरियड खरा लिहावा. सध्याच्या कंपनीला दिसू नये म्हणून ठरावीक कंपन्यांपासून प्रोफाइल लपवायची सोय तिथे आहे, ती आधी वापरावी. लिंक्डइनवर बदल करण्यापूर्वी ते बदल नेटवर्कला कळवण्याचं सेटिंग बंद करावं. «ओपन टू वर्क» फक्त रिक्रूटरना दाखवता येतं, पण पूर्ण गुप्ततेची हमी लिंक्डइनही देत नाही, हे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा.

तारखांबद्दल सगळ्यांना कळकळीने सांगतो. ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) पोर्टलवर यूएएनने, म्हणजे आपल्या पीएफच्या कायमच्या क्रमांकाने, लॉगिन केलं की सर्व्हिस हिस्टरी दिसते. प्रत्येक कंपनीत लागल्याची आणि सोडल्याची तारीख तिथे असते, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले रेझ्युमेतल्या तारखा तिच्याशी ताडून बघतात. फरक निघाला तर ऑफर हातात आल्यावर ताण येतो. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेलीच नसेल तर तेही इथे कळतं आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. नावाचंही तसंच. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पॅनवर क्रम वेगळा, आधारवर स्पेलिंग वेगळं. मास्टर फाइलमध्ये मी कुठल्या कागदावर नाव कसं छापलं आहे ते लिहून ठेवलं आहे, सोबत रिलीव्हिंग लेटर आणि सर्टिफिकेट कुठल्या फोल्डरमध्ये आहे तेही.

फायदा काय झाला? सगळ्यात आधी झाला तो अप्रेझलला. मार्चमध्ये केआरएचा, म्हणजे वर्षासाठी ठरलेल्या मुख्य कामांचा, फॉर्म भरताना वर्षभराच्या नोंदी समोर होत्या, आणि जूनमधली कामंही त्यात आली. एरवी फॉर्ममध्ये शेवटच्या दोन महिन्यांचंच काम दिसतं. बाहेरून फोनही वाढले, पण मला जास्त महत्त्वाचा वाटला तो मुलाखतीतला बदल. तळेगावच्या एका कंपनीत बोअरच्या त्या एका ओळीवरच बराच वेळ बोलणं झालं: इन्सर्टची पीससंख्या कशी ठरवली, ऑपरेटरने ऐकलं का, सीपीके (माप ठरलेल्या मर्यादेत किती नीट बसतं ते सांगणारा आकडा) किती आला. ही चर्चा मला मनापासून आवडली, कारण ती मी केलेल्या कामाबद्दल होती.

तोटेही आहेत. ऑडिटच्या आठवड्यात नोंद होत नाही आणि राहिलेली नोंद पुढच्या बुधवारी अर्धवट आठवते. रेझ्युमेच्या प्रती वाढत जातात. कुठल्या कंपनीला कुठली प्रत गेली ते कळावं म्हणून प्रत्येक पाठवणीआधी मी डॉक्सच्या व्हर्जन हिस्टरीत त्या प्रतीला कंपनीचं नाव आणि महिना देतो. नोकरी आणि लिंक्डइन दोन्हीकडे बदल वेगवेगळे, हातानेच करावे लागतात, त्याला पर्याय सापडलेला नाही. एआयकडून इंग्रजी सुधारून घेतलं तर भाषा गुळगुळीत होते खरी, पण न केलेलं कामही हळूच आत शिरतं. «टीमचं नेतृत्व केलं» असं आलं की मी ते काढतो.

गोपनीयतेचं भान मात्र पहिल्या दिवसापासून हवं. नोंद स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या शब्दांत करायची. ड्रॉइंग, कस्टमरचं नाव, किंमत, रिपोर्टचे फोटो यातलं काहीही बाहेर आणायचं नाही. मी टक्के लिहितो, रुपये लिहीत नाही, आणि कस्टमरच्या नावाऐवजी «प्रवासी वाहन उत्पादक» लिहितो. समोरच्याला तेवढं पुरतं.

एमपीएससी किंवा महामंडळाच्या भरतीची तयारी करणाऱ्यांना या पद्धतीचा फारसा उपयोग नाही, तिथे ठरलेला फॉर्म भरायचा असतो. सर्वाधिक उपयोग डिप्लोमा आणि आयटीआय करून नुकतेच शॉपफ्लोअरवर आलेल्या मुलामुलींना आहे. ती मशीनवर रोज काहीतरी सुधारतात आणि कागदावर मात्र «व्हीएमसी ऑपरेटर, एक वर्ष» एवढंच लिहितात. आमच्याकडे वर्षभराच्या अप्रेंटिसशिपला येणाऱ्यांना मी पहिल्याच आठवड्यात अशी फाइल उघडून देतो आणि बुधवारी सुटताना विचारतो, या आठवड्यात काय लिहिलंस? गेल्या बॅचमधल्या एकीने सेटिंगचा वेळ कसा कमी केला ते आधीच्या आणि नंतरच्या मिनिटांसकट लिहिलं होतं. तिच्या रेझ्युमेत ती ओळ सगळ्यात वर आहे.