चाटण वीट की मिनरल पावडर? चरायला सोडणाऱ्यांनी काय घ्यावं

आरे कॉलनीत पावसात गवत कमरेएवढं होतं, तेव्हा जनावराला सगळं मिळतंय असं वाटतं, पण पोट भरणं वेगळं आणि तांबं, जस्त, कोबाल्ट, आयोडीन ही मिनरल मिळणं वेगळं. मातीतून मुळांना जे उचलता येतं तेवढंच गवतात येतं. आपल्याकडच्या जांभ्या मातीत लोह भरपूर, त्यात पावसात जनावर गवतासोबत चिखलही गिळतं, आणि पोटात लोह जास्त गेलं की तांबं नीट अंगी लागत नाही. मग काळी म्हैस भुरकट तांबूस दिसायला लागते, माज नीट दिसत नाही, वारंवार उलटते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही. यातलं बरंच कमी चाऱ्याने किंवा जंतांमुळेही होतं, म्हणून आधी जंताचं औषध झालंय का ते बघा.

आता वीट, म्हणजे मीठ आणि मिनरलचा चाटायचा ठोकळा. स्वस्त, टांगली की झालं, शेळ्या आणि भाकड जनावरांना ठीक आहे. पण त्यात मीठच जास्त असतं, म्हणजे जनावर चाटतं ते मिठाच्या ओढीने, तांब्याची कमी आहे हे त्याला काही कळत नाही, त्यामुळे जी दांडगी असते ती विटेला चिकटून बसते आणि गरीब शेळी लांबूनच बघते. मुंबईच्या पावसात उघड्यावर टांगली तर विरघळून वाहूनच जाते, शेडमध्येच हवी.

पावडरमध्ये हिशोब आपल्या हातात राहतो. संध्याकाळी जनावरं परत आली की आंबोणात (भिजवलेल्या पेंड-भुशात) कालवून द्यायची, मोठ्या दुभत्याला रोज साधारण ५० ग्रॅम, दूध जास्त असेल तर वाढवून, वासराला २०-२५. कटकट आहे, रोज आंबोण करावं लागतं, आणि ज्यांची जनावरं दिवसभर मोकळीच असतात त्यांना जमत नाही. पोत्यावर आयएस १६६४ (मिनरल मिक्स्चरचं सरकारी मानक) आहे का बघा, आणि टाइप बघा, टाइप १ मध्ये मीठ असतं, टाइप २ मध्ये नसतं, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. गोळी पेंड आधीच भरपूर देत असाल तर त्यातही मिनरल घातलेलं असतं, ते धरून डॉक्टरला विचारून हिशोब करा.

माझं मत विचाराल तर दुभती आणि गाभण असेल तर पावडरच, वीट फक्त जोडीला. शेळ्या चार-पाच असतील तर वीट चालेल, फक्त दोन ठिकाणी टांगा.

मेंढ्या असतील तर मात्र थांबा! गाईम्हशींची मिनरल पावडर मेंढ्यांना अजिबात देऊ नका, त्यातलं तांबं त्यांच्या यकृतात साठत जातं, बरेच दिवस काहीच दिसत नाही आणि मग अचानक कावीळ, लालकाळी लघवी, आणि मेंढी जाते. शेळी त्यापेक्षा जास्त सोसते.

सेलेनियमचं इंजेक्शन काही जण मेडिकलमधून आणून स्वतःच टोचतात, व्यायल्यावर वार (झार) अडकते म्हणून, पण सेलेनियममध्ये गरज आणि विष यातलं अंतर फार कमी असतं, ते डॉक्टरकडूनच घ्या. नाल्याच्या पाण्यावरचं गवत रोज खाऊ घालत असाल तर त्यातून शिसं, कॅडमियम जाऊ शकतं, आणि कॅडमियम तांबं-जस्त दोन्हीच्या आड येतं, तिथे आधी चारा बदला. परळच्या किंवा गोरेगावच्या व्हेटर्नरी कॉलेजला जाऊन रक्त आणि चारा कुठे तपासून मिळेल ते विचारा, म्हणजे नेमकं काय कमी आहे ते बघून पोतं घेता येईल.