फॉक्सबॅट घ्यावा की घरचा पंचनामेश्वर?

ज्यात प्रत्येक खेळाडू एकेका सुपरहिरोची भूमिका घेतो आणि लढतींचा निकाल फाशांवर लागतो, असा बैठा भूमिका-खेळ चालवणाऱ्या, म्हणजे खलनायकांच्या वतीने बोलणाऱ्या सूत्रधाराला केव्हा ना केव्हा एक विनोदी खलनायक लागतोच, कारण सलग चार बैठका जग वाचवून झाले की खेळाडूंच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसू लागतो. मागच्या हिवाळ्यात, धानाचे पुंजणे मोडून मळणी उरकल्यावर, ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात माझ्यापुढे हा प्रश्न आला, तेव्हा दोन उमेदवार होते. एक, १९८१ पासून चालत आलेल्या ‘चॅम्पियन्स’ या अशाच खेळातला फॉक्सबॅट आणि दुसरा, मीच वहीत मांडलेला पंचनामेश्वर. दोघांनाही मी चालवून पाहिले आहे.

पिंगपाँगचे चेंडू झाडणारी बंदूक घेऊन फिरणारा आणि आपण कॉमिकमध्येच जगत आहोत असे मनापासून मानणारा फॉक्सबॅट वाचतानाच हसवतो. तो तयार मिळतो, त्यामुळे पात्राच्या शक्ती गुण मोजून विकत घेण्याची आकडेमोड वाचते, आणि ज्याच्याकडे एकच संध्याकाळ मोकळी आहे त्याच्यासाठी ही सोय लहान नव्हे. पंचनामेश्वराला मात्र मला दोन रात्री द्याव्या लागल्या. हा गृहस्थ शहर उद्ध्वस्त करण्याआधी होऊ घातलेल्या नुकसानीचा रीतसर पंचनामा करतो. ‘पूल कोसळलेल्या स्थितीत आढळून आला’ असे त्याने लिहिले आणि खाली दोन पंचांनी सह्या केल्या, की पूल खरोखरच कोसळतो. सह्या नसतील तर तो कागद कागदच राहतो. ही अट मी नियमातल्या ‘मर्यादे’त, म्हणजे शक्तीची किंमत कमी करणाऱ्या अडचणीत बसवली. मर्यादा वजा एकची धरली तर ६० गुणांची शक्ती ३० गुणांत पडते, त्यामुळे तो स्वस्तात भयंकर झाला.

दोघांमधला माझा निर्णय ज्या एका त्रासामुळे झाला, तो नियमपुस्तकात सापडत नाही. उलट पुस्तक म्हणते की स्वगताला वेळ लागत नाही. पात्राने मारामारीच्या मधोमध कितीही लांब भाषण ठोकावे. खेळातल्या घड्याळापुरते ते खरे आहे. पण वेग ५ असलेल्या खलनायकाची पाळी १२ सेकंदांच्या एका फेरीत पाच वेळा येते, म्हणजे तिसऱ्या, पाचव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या सेकंदाला. फॉक्सबॅटसारख्या बडबड्या पात्राने प्रत्येक पाळीला काहीतरी खुसखुशीत बोलावे अशी अपेक्षा असते, आणि ते त्याने नव्हे, मी बोलायचे असते. त्यातच बारा फासे टाकून कोणी ठोसा मारला की आधी सगळ्या टिकल्यांची बेरीज करायची, मग तेच फासे पुन्हा मोजायचे: एकाला शून्य, सहाला दोन, बाकीच्यांना एकेक. (फासे सगळे सहा बाजूंचे लागतात, त्यामुळे आमचे लुडोच्या डब्यांतून जमले, हा या खेळाचा मोठाच गुण.) ही दुहेरी मोजणी होईपर्यंत माझा विनोद ताटात वाढून ठेवलेल्या भाकरीसारखा वाळून जाई. आठव्या सेकंदाला मी गप्प झालो आणि दहाव्याला जुनीच कोटी फिरवून सांगितली, तेव्हा एकजण सरळ तंबाखू मळायला बसला.

आमच्या मंडळींना विनोद कळत नाही असे कृपया कोणी समजू नये. होळीपर्यंत वडशाच्या कंपन्यांची नाटके रात्र-रात्रभर जागून पाहणारी ही माणसे आहेत. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या रंगमंचावरचा विनोदवीर वाक्य टाकतो, थांबतो, हशा घेतो आणि मगच पुढे सरकतो. त्याच्या वाक्यानंतर कोणी फासे मोजत बसत नाही. शिवाय त्याच्यामागे पेटी-तबला आणि अख्खी कंपनी असते. सूत्रधार मात्र एकटा असतो.

पंचनामेश्वराला विनोद करावाच लागत नाही, कारण आपण विनोदी आहोत हे त्याला ठाऊकच नाही. मी त्याचा वेग ३ ठेवला. तो चौथ्या सेकंदाला वही उघडतो, आठव्याला चतुःसीमा लिहितो आणि बाराव्याला अदबीने विचारतो, “पंच म्हणून कोण राहणार?” मधल्या वेळात फासे मोजले जात असताना गंमत थंड होण्याऐवजी मुरत जाते, कारण खेळाडू मोजता मोजता आपसांतच कुजबुजू लागतात. अवकाळीने कापलेल्या धानाच्या कडपा भिजल्यावर बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून प्रत्येकाने कधी ना कधी पंचनाम्याची वाट पाहिलेली आहे, त्यामुळे समजावून सांगण्यासारखे काही उरत नाही. पहिल्याच बैठकीत कृषी केंद्रवाल्या आमच्या मित्राने, जो एरवी डोंगर उचलणारा वज्रबाहू होतो, निव्वळ सवयीने सही करून टाकली. दुसरी सही कोणाची, यावर पाऊण तास वाद चालला आणि शेवटी शाळकरी पुतण्या म्हणाला, “काका, आपन सहीच नाही देल्ली तं?” त्यानंतर शहरातले दोनच भोळे नागरिक शोधत पंचनामेश्वर पुढे आणि त्यांना अडवत सुपरहिरो मागे, अशी सगळी लढाई झाली. ठोसा एकच बसला, आणि तोही वहीला.

ज्यांच्या मंडळात कॉमिक वाचून वाढलेले खेळाडू असतील आणि सूत्रधाराची जीभ मुळातच चालती असेल, त्यांनी फॉक्सबॅट अवश्य घ्यावा. माझ्या हातून तो फसला, एवढ्यावरून त्याला टाकाऊ म्हणणे योग्य होणार नाही. ज्या खेळांत एका फेरीत प्रत्येकाला एकच पाळी मिळते, तिथे तो कदाचित अधिक खुलेलही. पंचनामेश्वरातही खोट आहे: त्याची युक्ती एकदा कळली की तिसऱ्या भेटीत खेळाडू सही द्यायला हातच पुढे करत नाहीत. तेव्हा मी त्याला अंगठ्याचा ठसाही चालतो असे ठरवले, आणि बेशुद्ध पडलेल्या वज्रबाहूला सगळ्यांनी मिळून आधी हातमोजे घातले.