ट्रॅक डेसाठी बटणवाला डायल गेज: शून्य ते साठचाच का घ्यावा

निपाणीपासून धारवाडपर्यंत कुठेही गाडी लावा, हवेवाल्याचा प्रश्न ठरलेला: ‘किती, पस्तीस?’ किंवा ‘एष्ट, मूवत्तैदु?’ रोजच्या गाडीला ते चालून जातं. ट्रॅक डेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायच्या दिवशी, मात्र दोन पीएसआयचा (हवेच्या दाबाचं माप) फरक स्टिअरिंगवर कळतो, आणि तिथे दुसऱ्याच्या मशीनवर भरवसा ठेवून भागत नाही. त्यासाठी टायरमधली हवा मोजणारा हा गेज: 0 ते 60 पीएसआयची पट्टी, दोन इंचाहून मोठा डायल, भोवती जाड रबर, वीतभर पाइप आणि मानेवर हवा सोडायचं बटण. पेनासारखा गेज काही शे रुपयांत येतो, हा त्याच्या चार-पाच पट महाग पडतो. पैसे वसूल होतात, पण सगळ्यांचे नाही.

घेताना आधी पट्टी बघा. ‘ग्रेड बी’ छापलेल्या गेजला डायलच्या मधल्या निम्म्या भागात पूर्ण पट्टीच्या 2 टक्के आणि दोन्ही टोकांना 3 टक्के चूक माफ असते. म्हणजे 60 च्या डायलवर 15 ते 45 मध्ये जास्तीत जास्त 1.2 पीएसआय. तोच 160 वाला घेतलात, तर कारचे 28-30 पीएसआय टोकाच्या चतकोरात येतात आणि चूक 4.8 पर्यंत जाऊ शकते. दुकानात ‘साहेब, हा ट्रकलापण चालतो’ असं कौतुकाने सांगतात, तेच न घेण्याचं कारण. डिजिटल वाईट नसतो. पण 31.4 असा आकडा दिसला म्हणजे तो तितका अचूक असतोच असं नाही. शिवाय ट्रॅकवर ऐन वेळी सेल उतरला की हात चोळत बसायचं.

बटणाची खुबी अशी की नोझल व्हॉल्व्हवर असतानाच हवा सोडता येते. पण बटण दाबलेलं असताना काटा खोटा, जरा कमी दाखवतो. म्हणून अर्धा सेकंद दाबा, सोडा, काटा थांबू द्या, मग वाचा. काटा शेवटच्या आकड्यावर धरून ठेवणारा गेज मिळाला तर उत्तमच, मागच्या चाकाजवळ वाकून मान मोडावी लागत नाही. नोझल सरळ बसला नाही तर ‘स्स्’ आवाज येतो आणि प्रत्येक वेळी थोडी हवा जाते. अलॉय व्हीलच्या खोल खाचेत हे हमखास होतं, तिथे वाकड्या मानेचा नोझल घ्या. हात जपा, ब्रेक डिस्क तापलेली असते.

आता मुद्द्याचं. बेळगावातून कोइम्बतूरच्या करी स्पीडवेच्या किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकला जायचं, तर आठशे किलोमीटरांहून जास्त रस्ता आहे. घरी जुळवलेली हवा तिथे उपयोगाची नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. इथे 30 दाखवणारा टायर तेवढ्याच तापमानाला चेन्नईत सव्वा पीएसआयने कमी दाखवेल, कारण तिथे बाहेरची हवाच जड. उलट दर 10 अंश सेल्सिअसला दीड पीएसआय वाढतो. जानेवारीत बेळगावच्या टिळकवाडीतल्या पहाटेच्या 15 अंशांत भरलेला टायर चेन्नईच्या दुपारी वेगळंच सांगतो. म्हणून प्रवासाला गाडीच्या दाराच्या पट्टीवर कंपनीने छापलेला आकडा ठेवा, आणि ट्रॅकसाठीची हवा ट्रॅकवरच, सकाळी, चारही चाकं सावलीत असताना लावा. एक बाजू उन्हात तापली असेल, तर गेज सारखे आकडे दाखवेल आणि टायर मात्र सारखे नसतील.

टायर गरम असतानाचा आकडा खरा, थंड आकडा फक्त तिथे पोचण्याचा रस्ता. समोरच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक आणि साधे रोड टायर असतील, तर गरम 34 च्या आसपासपासून सुरुवात करावी. थंड 28 भरा. चार-पाच लॅप मारून आत आलात की इंजिन बंद करायच्या आधीच कुणीतरी गेज घेऊन तयार हवं. पाच मिनिटं गप्पा झाल्या की आकडा शिळा झाला. ज्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, तिथे पुढचा डावा सगळ्यात चढतो. तो 36.5 दाखवत असेल तर अडीच सोडा. मागचे 33 वर असतील तर हात लावू नका. चारही आकडे वहीत लिहा, ‘लक्षात राहील’ म्हणू नका.

आकडा बरोबर की नाही हे टायरच सांगतो. खांद्यावर, ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) संपून बाजू सुरू होते तिथे, बहुतेक टायरांवर बारीक त्रिकोण कोरलेला असतो. निघण्याआधी त्यावरून आडवी खडूची रेघ ओढा. रेघ त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसली गेली तर ठीक. त्याखालीही पुसली असेल तर टायर लोळतोय, हवा वाढवा. खडू वरपर्यंत शाबूत आणि मधलाच पट्टा घासलेला, तर हवा जास्त आहे.

नायट्रोजनचा आग्रह इथल्या टायरवाल्यांकडे फार. गरम झाल्यावर तोही हवेसारखाच फुगतो. फायदा एवढाच की तो कोरडा असतो. खानापूरकडच्या पावसात टाकीतलं पाणी न काढलेल्या कॉम्प्रेसरची हवा भरलीत, तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन आकडा अंदाजापेक्षा वर चढतो. पाणी काढलेल्या कॉम्प्रेसरची कोरडी हवा पुरते.

या गेजची खरी उणीव ही की तो हवा काढतो, भरत नाही. जोडीला 12 व्होल्टचा छोटा पंप लागतोच. त्याच्यावरच्या काट्याकडे बघू नका, दोन पीएसआय जास्त भरा आणि गेजने उतरवा. पंप सलग दहा मिनिटांवर चालवू नका. पंप लावायच्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत 10 किंवा 15 अँपिअरचा असतो, एखादा जादा ठेवा.

पंप विसरलात तर संध्याकाळी अडचण होते. गरम असताना 36.5 वरून 34 ला आणलेला तो टायर गार झाल्यावर 26 च्या आसपास येतो. दाराच्या पट्टीवर 33 असताना, माणसं-सामान भरून त्या हवेवर हायवेला लागायचं म्हणजे टायरची बाजू भाजून काढायची. आधी गार होऊ द्या, भरा, मग निघा.

गेज एकदा जोरात आपटला की विश्वास संपला. हवा नसताना काटा शून्यावर येतो का बघा, आणि दुसऱ्या चांगल्या गेजशी 30 वर ताडून घ्या. अर्धा-एक पीएसआयचा कायमचा फरक असेल तर चालेल, दिवसभर तोच गेज वापरायचा एवढंच. तीनदा मोजून तीन वेगळे आकडे आले तर मात्र तो परत करा.

वर्षातून एकदाच ट्रॅकवर जाणाऱ्याला बरा पेन-गेज आणि चिकाटी पुरेल. दोन-तीन दिवस ठरलेले असतील तर हाच घ्या. आणि व्हॉल्व्हच्या टोप्या खिशात टाका, चाकाजवळ ठेवलेली एक तरी हरवतेच.