ब्लूजचा पहिला अल्बम कोणता ऐकावा? सहा अल्बम शेजारी शेजारी

माझी भाची वर्षभर गिटार शिकतेय. मागच्या रविवारी जेवता जेवता तिने विचारलं, "मावशी, मला ब्लूज ऐकायचाय. लांबलचक यादी देऊ नकोस, पहिला कोणता ऐकू तेवढं सांग." मी एक नाव सांगून टाकलं आणि मग दोन दिवस सहा अल्बम पुन्हा ओळीने ऐकले, कारण पहिला अल्बम चुकला की माणूस त्या संगीताकडे परत फिरकत नाही. माझ्या ओळखीतल्या दोघांनी थेट १९३० च्या दशकातल्या रॉबर्ट जॉन्सनला हात घातला होता. वीस मिनिटांत "फार खरखर आहे" म्हणून त्यांनी बंद केलं, ते कायमचं.

निवड करताना "सर्वकालीन महान" छापाच्या याद्या बाजूला ठेवा. आधी एक गोष्ट कानाला सापडली पाहिजे. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. त्यातलं बरंचसं बारा बारांच्या (बार म्हणजे साधारण चार मात्रांचा खण) आवर्तनात चालतं आणि त्या आवर्तनात तीन ओळी असतात. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, आणि तिसरीत तिचा निकाल लावायचा. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात, पण गळा त्यातले साधारण दोनच घेतो. उरलेली जागा मोकळी असते, आणि त्या जागेत कोणीतरी जबाब देतं. शाहिरी फडात कलगीवाले आणि तुरेवाले सवाल-जबाब करायचे, तसा इथे ओळीओळीमागे जबाब आहे. तो देतं कोण, हे या सहा अल्बममध्ये वेगवेगळं आहे. कोणाचा जबाब ऐकायला तुम्हाला आवडेल, त्यावर तुमचा पहिला अल्बम ठरवा.

बी. बी. किंगच्या 'लाइव्ह अ‍ॅट द रीगल'मध्ये जबाब देणारे दोघं आहेत, त्याची गिटार आणि समोरचं थिएटर. शिकागोच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्तीतलं हे रीगल थिएटर. तिथे २१ नोव्हेंबर १९६४ रोजी हे ध्वनिमुद्रण झालं आणि अल्बम १९६५ मध्ये आला. किंग तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता आणि समोरचे लोक त्याचेच होते, त्याची जुनी गाणी तोंडपाठ असलेले. तो सुरुवातीलाच सांगतो की आता जुनी गाणी घेतो, एखादं आठवलं तर आवाज करून कळवा. मग 'स्वीट लिटल एंजल', 'इट्स माय ओन फॉल्ट' आणि 'हाऊ ब्लू कॅन यू गेट' ही तीन गाणी मध्ये न थांबता एकात एक गुंफली जातात. तिसऱ्याच्या आधी तो पुन्हा विनवतो, माझ्या आवाजाकडे किंवा बँडकडे नको, शब्दांकडे लक्ष द्या. आणि मग ती प्रसिद्ध जागा येते. वाद्यं फटकन थांबतात, एकेक ओळ उघडी पडते. नवी फोर्ड दिली तर तिला कॅडिलॅक हवी होती, दहा डॉलरचं जेवण दिलं तर म्हणाली, नाश्त्याबद्दल आभार. चढत चढत शेवटची ओळ येते, तुला सात मुलं दिली आणि आता ती तू परत करायला निघालीस. त्या ओळीवर थिएटर जे उसळतं, तशी दाद मी दुसऱ्या कुठल्याच ध्वनिमुद्रणात ऐकलेली नाही. बायकांच्या किंकाळ्या वेगळ्या ऐकू येतात.

गिटार शिकणाऱ्यांनी इथे आणखी एक गोष्ट कान देऊन ऐकावी. किंग गाताना वाजवत नाही आणि वाजवताना गात नाही. ओळ संपली की तोंड बंद, आणि तीच ओळ बोटं पुढे नेतात. त्याच्या आईच्या नात्यातला बुका व्हाइट तारेवर नळी सरकवून वाजवायचा. ते किंगला जमेना, म्हणून तो सूर त्याने बोट थरथरवून काढायचा प्रयत्न केला, आणि तोच कंप त्याची ओळख बनला. सूर मोजकेच, पण एकेक सूर गळ्यातून आल्यासारखा. पस्तीसेक मिनिटांत अल्बम संपतो आणि पुन्हा लावावासा वाटतो.

त्याच्या शेजारी मडी वॉटर्सचा 'अ‍ॅट न्यूपोर्ट १९६०' ठेवा. दोन्ही मैफलीतले, दोन्ही पाऊण तासाच्या आतले, पण हवा पूर्ण वेगळी. न्यूपोर्ट म्हणजे ऱ्होड आयलंडमधला जॅझ महोत्सव, श्रोते मुख्यतः गोरे, आणि त्यांतल्या अनेकांना हे संगीत नवीन. मडी मिसिसिपीच्या शेतमळ्यावरून १९४३ मध्ये शिकागोला आलेला. शहरातल्या गोंगाटाच्या बारमध्ये साधी गिटार कोणाला ऐकू जाईना, तेव्हा त्याने विजेची गिटार धरली आणि भोवती बँड उभा केला. इथे जबाब देतो तो हा बँड. जेम्स कॉटनचा माउथ ऑर्गन जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेपटीला धरून येतो आणि ओटिस स्पॅनचा पियानो मधल्या फटी भरत राहतो. मडीचा आवाज भरदार, हुकमी. 'गॉट माय मोजो वर्किंग' हे गाणं सलग दोनदा घेतलंय. मोजो म्हणजे मंतरलेला ताईत, जो सगळ्यांवर चालतो, फक्त जिच्यावर चालायला हवा तिच्यावर चालत नाही. दुसऱ्या खेपेला समोरची बुजलेली मंडळी पार मोकळी झालेली कळतात.

अल्बमचा शेवट मात्र उदास आहे. आदल्या रात्री गावात दंगल झाली होती, महोत्सव गुंडाळायचं ठरलं होतं, आणि ३ जुलैच्या दुपारी हा ब्लूजचा कार्यक्रम जवळजवळ निरोपासारखा झाला. कवी लँगस्टन ह्यूज तिथे हजर होते. त्यांनी तिथल्या तिथे निरोपाचे शब्द लिहून दिले आणि ते स्पॅनने गायले. हातघाईत झालेलं ते गाणं थोडं विस्कळीत आहे, पण मला ते वगळवत नाही.

या दोघांतून निवडायचं तर मी किंगच्या बाजूची आहे, कारण नवख्या माणसाला तिथे श्रोतेच हाताला धरून शिकवतात की दाद कुठे द्यायची. ज्यांना ठेका आधी लागतो, ज्यांचे पाय आधी हलतात, त्यांनी मात्र मडी घ्यावा. मुंबईकरांना याची थोडी चव आहे. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला तेव्हा शिकागोचे बडी गाय आले होते. वाजवता वाजवता श्रोत्यांत शिरणं ही त्यांची जुनी सवय.

आता रॉबर्ट जॉन्सन. 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स' हा संग्रह १९६१ चा, पण ध्वनिमुद्रणं नोव्हेंबर १९३६ ची सॅन अँटोनियोतली आणि जून १९३७ ची डॅलसमधली. माणूस एकटा, गिटार एकच, आणि जबाब त्याचाच त्याला. अंगठा खालच्या तारांवर ठेका धरतो, उरलेली बोटं ओळीला उत्तर देतात. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, याच्याबरोबर दुसरा कोण वाजवतोय? 'कम ऑन इन माय किचन'मध्ये तो हलकेच म्हणतो, वारा कसा घोंघावतोय ऐकू येत नाही का, आणि तारेवरची नळी खरोखर वाऱ्यासारखी कण्हते. १९३८ मध्ये सत्तावीस वर्षांचा असताना तो गेला. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची कथा त्याच्या नावामागे लागली आहे, पण त्या बोटांमागे जी मेहनत आहे तिला ती कथा झाकून टाकते, म्हणून मला ती आवडत नाही.

पहिला अल्बम म्हणून मी हा देणार नाही. तिसरा किंवा चौथा म्हणून जरूर. आणि घ्यायचाच तर १९६१ चा सोळा गाण्यांचा संग्रह घ्या. १९९० च्या समग्र संचात एकाच गाण्याची दोन-दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ येतात. अभ्यासाला ती सोन्यासारखी, पण नवख्याला दमवणारी.

गिटारसाठीच ब्लूजकडे येणाऱ्यांचा प्रश्न बहुतेक वेळा दोन नावांवर अडतो. एक, 'ब्लूज ब्रेकर्स विथ एरिक क्लॅप्टन' हा जॉन मायलचा १९६६ चा लंडनमधला अल्बम, ज्याच्या मुखपृष्ठावर त्यातला गिटारवादक क्लॅप्टन मुलांचं 'बीनो' कॉमिक वाचत बसलाय. दुसरा, स्टीव्ही रे व्हॉनचा १९८३ चा 'टेक्सस फ्लड'.

क्लॅप्टन तेव्हा एकवीस वर्षांचा. गिब्सन लेस पॉल गिटार, मार्शलचा अ‍ॅम्प (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र), आणि स्टुडिओतही आवाज मंचावर असतो तेवढाच मोठा ठेवायचा हा त्याचा हट्ट. अ‍ॅम्प इतका चढवला की सूर फाटायला लागतो, पण तुटत नाही, लांबत जातो. पुढे रॉक गिटारचा म्हणून जो जाड, तापलेला आवाज जगभर झाला, तो इथे घडताना ऐकू येतो. ओटिस रशचं 'ऑल युवर लव्ह' आणि फ्रेडी किंगचं 'हाइडअवे' यांत तो सापडेल. 'रॅम्बलिन ऑन माय माइंड' हे जॉन्सनचं गाणं क्लॅप्टनने इथे स्वतः गायलंय, जरा बिचकतच. अल्बमची पडकी बाजू म्हणजे गायन. मायलचा आवाज मला बारीक वाटतो. सवाल कच्चा आणि जबाब तगडा, असं वारंवार होतं.

व्हॉनकडे ते दुबळेपण नाही. तिघांचाच बँड, तोच गातो, तोच वाजवतो, आणि जाड तारांची गिटार अर्धा सूर खाली उतरवलेली. गायक जॅक्सन ब्राउनच्या लॉस एंजलिसमधल्या स्टुडिओत, फुकट मिळालेल्या मोजक्या दिवसांत, तिघांनी मंचावर वाजवावं तसं हे वाजवून टाकलं. शीर्षकगीत मूळ लॅरी डेव्हिसचं, १९५८ चं. ते संथ आहे, आणि त्यातल्या प्रत्येक मोकळ्या जागेत स्टीव्ही इतकं ओततो की ऐकणाऱ्याचा श्वास अडतो. शेवटचं 'लेनी' तेवढंच हळुवार, शब्दांविना. अल्बमच्या निर्मितीमागे जॉन हॅमंड होते. १९३८ मध्ये कार्नेगी हॉलच्या मैफलीसाठी जॉन्सनचा शोध घेणारे आणि तो गेल्याचं कळल्यावर त्याच्या तबकड्या मंचावर वाजवणारे तेच हे हॅमंड.

दोघांत माझा कौल 'टेक्सस फ्लड'ला. ध्वनी स्वच्छ आहे, गाणं आणि गिटार एका तोलाची आहेत. फक्त एक सांभाळा. शिकणारी मुलं त्याचा वेग उचलतात आणि मोकळी जागा ऐकायची राहून जाते. तो आवडला तर मागे आल्बर्ट किंगच्या १९६७ च्या 'बॉर्न अंडर अ बॅड साइन'कडे जा. तार कशी ओढायची ते स्टीव्ही बरंच तिथून शिकला.

राहिला 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट', ऑलमन ब्रदर्स बँडचा, न्यूयॉर्कमध्ये मार्च १९७१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला. रागसंगीत ऐकणाऱ्या घरात वाढलेल्यांना मी सरळ इथूनच सुरुवात करायला सांगेन. दोन गिटार, दोन ड्रमवाले, आणि जबाब गिटारला गिटारचा. ड्वेन ऑलमन औषधाची काचेची बाटली बोटात घालून तारेवरून सरकवतो, तेव्हा त्या सुरांना मींड ओळखणारे कान लगेच आपलं म्हणतात. 'व्हिपिंग पोस्ट' तेवीस मिनिटांचं, जुन्या तबकडीची एक अख्खी बाजू व्यापणारं. त्याची सुरुवातीची बास अकरा मात्रांची आहे, तीन-तीन-तीन-दोन. टाळी देऊन मोजून पाहा. मधे सगळं इतकं विरत जातं की गाणं संपलं असं वाटतं, आणि मग दोन्ही गिटार हळूहळू पुन्हा जमवाजमव करतात. ज्यांना शब्द हवेत त्यांना मात्र हा अल्बम लांबण लावल्यासारखा वाटेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ड्वेन मोटारसायकलच्या अपघातात गेला, चोवीस वर्षांचा. अल्बम येऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

भाचीला मी 'रीगल' सांगितला होता आणि सहाही पुन्हा ऐकल्यावर तेच कायम आहे. त्यानंतर तिने 'टेक्सस फ्लड' ऐकावा, मग न्यूपोर्ट, आणि कान तयार झाले की एखाद्या रात्री दिवे घालवून जॉन्सन. फिलमोर सुट्टीच्या दिवशी, सलग वेळ असेल तेव्हाच. काल तिचा मेसेज आला: "मावशी, त्या सात मुलांच्या ओळीला मी खोलीत एकटीच ओरडले. आई धावत आली."