ब्लू नोटच्या रेकॉर्ड्स : दहा महिने, एकवीस तबकड्या आणि एक चुकलेलं वजन

आधीच सांगून टाकतो, मी जाझमधला जाणकार वगैरे अजिबात नाही. लहानपणी घरी भीमसेन आणि नाट्यसंगीत, कॉलेजात किशोर, आणि इथे न्यू जर्सीत आल्यापासून गाडीत पॉडकास्ट, एवढीच आपली पुंजी. गेल्या वर्षी टर्नटेबल घेतलं (बायको म्हणाली फोनवर फुकट ऐकू येतं ते पैसे मोजून कशाला, माझ्याकडे उत्तर नव्हतं) आणि सुरुवात कुठून करायची म्हणून ब्लू नोट या अमेरिकन जाझ कंपनीच्या जुन्या रेकॉर्ड्सच्या नव्या प्रती घ्यायला लागलो. खरं कारण म्हणजे कव्हरं. भिंतीवर छान दिसतील असं वाटलं, बास.

दोन प्रकारात मिळतात. एक 'क्लासिक व्हिनाइल' सिरीज, मला साधारण २५ ते ३० डॉलरला पडली, आणि दुसरी 'टोन पोएट', ती महाग, कव्हर जाडजूड, आत रेकॉर्डिंगच्या वेळचे मोठे फोटो. दोन्हीचं मास्टरिंग (म्हणजे तबकडी छापण्याआधी आवाजावरचा शेवटचा हात) केव्हिन ग्रे नावाचा माणूस करतो, शक्य तिथे मूळ टेपवरूनच. माझ्याकडे सोळा क्लासिक आणि पाच टोन पोएट आहेत. आवाजात फरक आहे का? माझ्या सिस्टिमवर तरी सांगण्यासारखा नाही. फोटोंसाठी जास्तीचे पैसे द्यायचे असतील तर द्या.

आता माझा मूर्खपणा. पहिले दोन महिने मला आवाज पटतच नव्हता. ट्रम्पेट वरच्या सुरात गेला की फाटायचा, बाजू संपत आली की जास्तच, आणि मी मनातल्या मनात रेकॉर्डला शिव्या घालत होतो. मग एका मित्राने विचारलं, सुईचं वजन, म्हणजे ती रेकॉर्डवर किती भाराने टेकते ते, मोजलंस का? मी म्हणलं लावलंय की मागचं वजन फिरवून. त्याने आठ-नऊ डॉलरचा छोटा काटा आणायला लावला. सुईला हवं होतं १.८ ग्रॅम, काट्यावर आलं १.१. आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, आधी अधांतरी तरंगवून मग शून्य धरायचं असतं ते मी केलंच नव्हतं. नीट लावलं आणि तीच रेकॉर्ड परत लावली, च्यायला, ट्रम्पेटवाला समोर येऊन उभा राहिला. म्हणजे दोन महिने मी दोष ज्याचा नाही त्याला देत होतो.

ती रेकॉर्ड होती सॅक्सोफोनवाल्या जॉन कोलट्रेनची 'ब्लू ट्रेन'. आणि मला जे सांगायचंय ते सगळं तिच्यापासूनच सुरू होतं.

झालं असं की त्याच काळातली कोलट्रेनची आणखी एक रेकॉर्ड सेलमध्ये दिसली म्हणून उचलली, 'ट्रेनिंग इन', पण ती प्रेस्टिज कंपनीची. घरी येऊन मागच्या बाजूचे बारीक अक्षरातले तपशील वाचले तर ती रेकॉर्ड झालीय २३ ऑगस्ट १९५७ ला आणि 'ब्लू ट्रेन' १५ सप्टेंबर १९५७ ला. मधे फक्त तेवीस दिवस. जागा तीच, हॅकेनसॅक, न्यू जर्सी. रेकॉर्ड करणारा माणूस तोच, रूडी व्हॅन गेल्डर. बेस वाजवणारा पण तोच, पॉल चेंबर्स. मग फरक का ऐकू येतो? कारण फरक आहे, आणि तो माझ्यासारख्या अडाण्यालाही कळतो. 'ट्रेनिंग इन' मस्त आहे, चौघं बसलेत, ब्लूज धरलाय, रेड गार्लंड आरामात पियानो वाजवतोय, मग कोलट्रेन येतो आणि सुटतो. रात्री उशिरा रंगलेल्या बैठकीसारखं. पण 'ब्लू ट्रेन' सुरू होते तेव्हा तीन फुंकणारे एका श्वासात ती संथ ओळ म्हणतात, मधे जागा सोडतात, परत म्हणतात, आणि कुणाचाही पाय घसरत नाही. त्यातला ट्रम्पेटवाला ली मॉर्गन तेव्हा १९ वर्षांचा होता. पाचपैकी चार धून कोलट्रेनच्या स्वतःच्या, म्हणजे आयत्या वेळी सगळ्यांना पाठ असलेलं काहीतरी वाजवून मोकळे झाले असं नाही, बसवून वाजवलंय हे.

तर उत्तर असं की ब्लू नोट तालमीचे पैसे द्यायची. रेकॉर्डिंगच्या आधी एक-दोन दिवस सगळ्यांना बोलवायचं, नवीन धून बसवायची, आणि त्या दिवसांचेही पैसे हातात ठेवायचे. प्रेस्टिजचा मालक बॉब वाइनस्टॉक याला उलट उत्स्फूर्त जॅम आवडायचं, या आणि वाजवा. म्हणून खोली तीच, रेकॉर्ड करणारा तोच, आणि तरी एक रेकॉर्ड मैफलीसारखी आणि दुसरी नाटकाच्या पहिल्या प्रयोगासारखी, दहा तालमी झालेल्या. मी या २५-३० डॉलरचा हिशोब आता असा लावतो की कव्हर, प्लास्टिक, मास्टरिंग सगळं बाजूला, त्या दोन दिवसांचे पैसे आपण भरतोय, साठ-सत्तर वर्षं उशिरा.

हे पैसे देणारा माणूस म्हणजे आल्फ्रेड लायन. बर्लिनचा ज्यू पोरगा, स्केटिंग करायला गेला तिथे १९२५ साली सॅम वुडिंगचा अमेरिकन बँड ऐकला आणि कायमचा बिघडला. पुढे न्यूयॉर्कला आला, २३ डिसेंबर १९३८ ला कार्नेगी हॉलमधल्या एका कार्यक्रमात अल्बर्ट अमन्स आणि मीड लक्स लुइस या दोन बूगी-वूगी पियानोवाल्यांना ऐकलं, आणि ६ जानेवारी १९३९ ला म्हणजे दोनच आठवड्यांत त्यांना स्टुडिओत नेऊन रेकॉर्डिंग केलं पण. पैसे मॅक्स मार्गुलिस नावाच्या लेखकाने घातले. बिझनेस प्लॅन वगैरे काही नाही. मी दोन आठवड्यांत टर्नटेबलचा मॉडेल ठरवू शकलो नव्हतो. त्याच वर्षाच्या शेवटी लायनचा बर्लिनचा लहानपणचा मित्र फ्रान्सिस वुल्फ जर्मनीतून निसटून आला, तो पेशाने फोटोग्राफर, आणि मग हे दोघं मिळून कंपनी चालवायला लागले. कव्हरवरचे आणि आतले फोटो त्याचेच, तालमीतले, रेकॉर्डिंगमधले, काळोखात एका फ्लॅशमध्ये धरलेला चेहरा आणि सिगरेटचा धूर.

पियानोवाल्या थेलोनियस मंकची गोष्ट पण सांगायला हवी. १९४७ ला लायनने त्याला त्याच्या स्वतःच्या नावावर पहिल्यांदा रेकॉर्ड केलं. विकलं गेलं नाही. परत केलं. परत विकलं गेलं नाही. असं १९५२ पर्यंत चालू. लायनची तेव्हाची बायको लॉरेन त्या रेकॉर्ड्स घेऊन न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या दुकानांत स्वतः फिरायची, दुकानदार म्हणायचे या माणसाला वाजवता येत नाही. (हीच बाई पुढे व्हिलेज व्हॅनगार्ड या जाझ क्लबची मालकीण झाली.) मला स्वतःला मंक अजून पूर्ण झेपलेला नाही, सूर मुद्दाम शेजारच्या पट्टीवर बोट पडल्यासारखे येतात, पण चौथ्या-पाचव्यांदा ऐकताना लक्षात आलं की ते शेजारचं बोट दर वेळी बरोबर तिथेच पडतंय.

आणि व्हॅन गेल्डर! या माणसावर वेगळं लिहायला पाहिजे. दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा, ऑप्टोमेट्रिस्ट, आणि उरलेल्या वेळात आईवडिलांच्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग. 'ब्लू ट्रेन' कुणाच्या तरी दिवाणखान्यात झालीय हे कळल्यावर मी ती परत लावली आणि सोफा कुठे असेल याचा विचार करत बसलो. १९५९ ला त्याने एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला, चर्चसारखं उंच लाकडी छत. आमच्या एडिसनहून तासाभराचा रस्ता, एका रविवारी बघून आलो, म्हणजे बाहेरूनच, आत काही जाता आलं नाही. सिल्व्हन अव्हेन्यूवरून गाड्या धडाधडा जात होत्या, मी एक फोटो काढला, त्यात झाडंच जास्त आलीत.

त्याची एक गोष्ट मात्र मला खटकते आणि बऱ्याच लोकांना खटकते असं दिसतं, पियानो. ड्रम, ट्रम्पेट, सॅक्सोफोन अंगावर येतात आणि पियानो मात्र डब्यात बंद करून ठेवल्यासारखा. वजन नीट लावल्यावरही तसाच, त्यामुळे यावेळी दोष माझा नाही. पियानोच ऐकायचा असेल तर दुसरीकडे बघा.

कव्हरांसाठी घेतल्या होत्या ना, तर ती करणारा रीड माइल्स. जवळपास ५०० कव्हरं केली आणि गंमत म्हणजे त्याला जाझ फारसं आवडायचंच नाही, क्लासिकलवाला होता, फुकट मिळालेल्या प्रती देऊन टाकायचा. पैसे वाचवायला बरीचशी कव्हरं एक-दोन रंगांतच छापलेली. फ्रेडी हबर्डच्या 'हब-टोन्स'वर नुसत्या उभ्या पट्ट्या आहेत, पियानोच्या पट्ट्यांसारख्या, त्यातली एक खाली दाबली गेलीय. झालं कव्हर! ते भिंतीवर लावलंय, येणारा प्रत्येक माणूस विचारतो.

नवशिक्यांनी कशापासून सुरू करावं? ड्रमवाल्या आर्ट ब्लेकीची 'मोनिन' (१९५८). पियानो एक ओळ टाकतो आणि बाकीचे दोनच सुरांत उत्तर देतात, परत ओळ, परत तेच दोन सूर, भजनात बुवा ओळ टाकतात आणि मागचे टाळकरी उचलतात तसं. व्हिडिओ कॉलवर आईने ऐकलं, ती म्हणाली हे बरंय, कुठला अभंग आहे? दुसरी होरेस सिल्व्हरची 'साँग फॉर माय फादर'. त्याचे वडील केप व्हर्डेचे, मूळ आडनाव सिल्व्हा, ती तेव्हा पोर्तुगीजांची वसाहत, म्हणजे आपल्या गोव्याचे आडनावबंधूच. कव्हरवर मुलगा नाही, हॅट घातलेले वडील आहेत.

ली मॉर्गनची 'द साइडवाइंडर' पण घ्या, फक्त ती ऐकताना लक्षात ठेवा की याच रेकॉर्डने कंपनीची पंचाईत केली. १९६४ ला ती अनपेक्षित गाजली, प्रती भराभर संपल्या, आणि छोट्या कंपनीचं असं असतं की छापणाऱ्याला पैसे आत्ता द्यायचे, वितरक देणार सावकाश, आणि वर म्हणणार पुढची पण अशीच आणा. त्यानंतरच्या कित्येक रेकॉर्ड्सची पहिली धून त्याच ठेक्यावरची, ऐकलं की कळतं. १९६५ ला लायनने कंपनी लिबर्टी नावाच्या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीला विकली, १९६७ ला बाहेर पडला, वुल्फ १९७१ ला वारला. पुढे नाव जवळजवळ विझलंच होतं, ते १९८५ ला ब्रूस लंडव्हॉलने परत उभं केलं. त्याआधी मायकेल कस्कुना याने कंपनीची जुनी कपाटं उघडली तर आत कधी बाहेरच न आलेली रेकॉर्डिंग्ज पडलेली, तालमीचे पैसे दिलेली, वाजवून झालेली. सॅक्सोफोनवाल्या हँक मोबलीची काही त्यातलीच.

नंतरचा काळ मी फार ऐकलेला नाही. नोरा जोन्स, रविशंकरांची मुलगी, तिची २००२ ची रेकॉर्ड ब्लू नोटचीच, ती सगळ्यांनी ऐकलीय. पण सॅक्सोफोनवाल्या चार्ल्स लॉइडची 'सेक्रेड थ्रेड' (२०२२) फार जणांना माहीत नसते, त्यात आपले माहीमचे झाकीर हुसेन आहेत, आणि ड्रम सेटच नाही. सॅक्सोफोन, गिटार आणि तबला. उस्ताद गेल्यावर ती लावली आणि पहिली बाजू संपल्यावर उठून उलटायचं राहिलंच, सुई मधल्या लेबलाच्या कडेला फिरत बसली.

शेवटचं, तक्रार म्हणाल तर रेकॉर्डची नाही, पार्सलची. एका ऑनलाइन दुकानाने 'मोनिन' पातळ पुठ्ठ्यात पाठवली, कोपरा पार दुमडलेला. तक्रार केल्यावर दुसरी आली आणि पहिली परत नको म्हणाले. ती जास्तीची प्रत घरात पडून आहे, तबकडी एकदम ठणठणीत. एडिसनच्या आसपास कुणाला हवी असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. फक्त काटा पण घेऊन जा माझा आणि लावायच्या आधी सुईचं वजन बघा.