स्टिक ड्रिफ्ट झाली: साफसफाई, नवा मोड्यूल की नवा कंट्रोलर?

टेबलावर गेमचा कंट्रोलर नुसता ठेवलाय. कोणाचा हात नाही, धक्का नाही, आणि पडद्यावरचा माणूस आपणहून डावीकडे चालत निघालाय. स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची दांडी, हात न लावता हलल्याचं सांगते. ड्रिफ्ट म्हणतात ती हीच. माझ्या ड्युअलसेन्सला (प्लेस्टेशन ५, म्हणजे पीएस ५ च्या कंट्रोलरला) ती दीड वर्षात लागली, धाकट्या भावाच्या कंट्रोलरला त्यानंतर चार महिन्यांनी. दोन्हींची वॉरंटी संपलेली. एकाच घरात एकाच दुखण्याचे दोन कंट्रोलर असल्यामुळे दोन वेगळे उपाय शेजारी शेजारी करून बघता आले. सध्या याच पेचात असलेल्यांसाठी ते मांडतेय.

माझं मत आधीच सांगते. वॉरंटी संपली असेल तर तोच कंट्रोलर पुन्हा नवा घेणं हा सगळ्यात शेवटचा पर्याय ठेवा. सहा हजारांच्या आसपास मोजून आपण तोच झिजणारा भाग पुन्हा घरी आणतो.

तो भाग नेमका कोणता, हे कळलं की पुढचे निर्णय सोपे होतात. घरात जुना रेडिओ असेल तर आवाजाचं बटण फिरवताना येणारी खरखर आठवत असेल. स्टिकच्या आत तीच वस्तू आहे, फक्त लहान. कार्बनची एक पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारा धातूचा बारीक संपर्क. रिपेअरवाले तिला ‘पॉट’ म्हणतात. प्रत्येक स्टिकला असे दोन पॉट असतात, एक आडव्या हालचालीचा आणि एक उभ्या. पीएस ४, पीएस ५, एक्सबॉक्स, स्विच प्रो या सगळ्यांच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये हीच पद्धत आहे. घासून घासून कार्बन झिजतो, त्याची काळी भुकटी तिथेच साचते आणि वाचन चुकायला लागतं. शिवाय स्टिकला मधोमध परत आणणारी स्प्रिंगही हळूहळू सैल पडते.

२०२१ मध्ये आयफिक्सिट या दुरुस्तीची माहिती देणाऱ्या साइटने ड्युअलसेन्स उघडून याचा हिशोब मांडला होता. त्यातल्या मोड्यूलचं, म्हणजे पॉट आणि स्प्रिंगसकट स्टिकच्या अख्ख्या सुट्या भागाचं, आयुष्य साधारण २० लाख फेऱ्यांचं. वॉरझोनसारखा स्टिक सतत फिरवायला लावणारा खेळ असेल तर ते ४१७ तासांत संपू शकतं, म्हणजे रोज दोन तास खेळणाऱ्याचं सात महिन्यांत. हा अंदाज आहे, प्रत्येकाच्या हातात तसंच होईल असं नाही. पण ‘मी कंट्रोलर नीट वापरला नाही’ असं वाटून जे स्वतःला दोष देत बसतात, त्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. विशेषतः मुलांना रागावण्याआधी.

आधी मोजा

पैसे खर्च करण्याआधी पाच मिनिटं द्या. कंट्रोलर केबलने लॅपटॉपला लावा आणि ब्राउझरमध्ये चालणारा गेमपॅड टेस्टर उघडा. स्टिकला हात न लावता आकडे बघा (मधोमध ०, पूर्ण ढकलली की १). प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर ०.००३९२ दिसलं तर घाबरू नका. तिथे मोजमाप २५६ पायऱ्यांत होतं आणि मधोमध नेमकी पायरीच नसते, त्यामुळे नव्याकोऱ्या कंट्रोलरलाही तो आकडा दिसतो. ०.०२, ०.०३ पर्यंतही खेळात फारसं जाणवत नाही.

आता स्टिक चारही दिशांना पूर्ण ढकलून सोडा आणि दर वेळी कुठे येऊन थांबते ते बघा. तीन प्रकार दिसतील. आकडा कायम एकाच जागी, समजा ०.०९ वर, शांत बसलाय: केंद्र सरकलंय. आकडा जागच्या जागी थरथरतोय, मधेच उडी मारतोय: पॉटमध्ये भुकटी आहे किंवा कार्बन झिजलाय. डावीकडून सोडलं की एक आकडा, उजवीकडून सोडलं की दुसरा: स्प्रिंग आणि आतला प्लास्टिकचा सांगाडा सैल झालाय. पहिल्याला सेटिंग पुरू शकतं, दुसऱ्याला साफसफाईची थोडी आशा आहे, तिसऱ्याला मोड्यूल बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

वॉरंटी शिल्लक असेल तर यातलं फक्त मोजून घ्या, व्हिडिओ काढा, बिल शोधा आणि सर्व्हिस सेंटर गाठा. स्क्रूला हात लावू नका. वॉरंटीचा महिना उरलाय आणि ड्रिफ्ट ‘थोडीशीच’ आहे म्हणून लोक थांबतात. ती स्वतःहून कमी होत नाही.

डेडझोन आणि साफसफाई

डेडझोन वाढवणं म्हणजे मधल्या एवढ्या भागातली हालचाल मोजूच नकोस, असं खेळाला सांगणं. फुकट आहे, लगेच होतं. स्टीमवर ही सोय आहे, कॉल ऑफ ड्यूटी, फोर्टनाइटमध्ये आहे, आणि स्विचच्या सेटिंगमध्ये स्टिक कॅलिब्रेट करता येते, म्हणजे तिचं केंद्र नव्याने नोंदवता येतं. किंमत मोजावी लागते ती बारकाव्यात. नेम धरताना अंगठ्याने जी केसाएवढी हालचाल करतो, तीच या भागात गिळली जाते. गाड्यांच्या शर्यतीत तर हे फार टोचतं. फुटबॉल किंवा गोष्टीचे खेळ खेळणाऱ्याचे मात्र यावर आरामात काही महिने निघतात.

साफसफाईला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. मोबाइल रिपेअरवाले ज्याला आयपीए म्हणतात तेच. किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे. कंट्रोलर बंद करायचा, स्टिक एका बाजूला दाबायची, फटीत दोन-तीन थेंब सोडायचे, मिनिटभर गोल फिरवायची आणि अर्धा तास वाळू द्यायचं. घरात बिजागरीला मारतो तो साधा डब्ल्यूडी-४० कृपया नको. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते.

माझ्या कंट्रोलरला या उपायाने तीन आठवडे मिळाले. दुसऱ्यांदा केलं तेव्हा पाच दिवस. भुकटी धुतली जाते, झिजलेला कार्बन परत येत नाही. शंभर-दीडशे रुपयांत करून बघायला हरकत नाही, पण तिसऱ्यांदा बाटली उघडायची वेळ आली तर निर्णय झालाय असं समजा.

मोड्यूल बदलणं: साधा की चुंबकीय

खरी तुलना इथे आहे. स्टिकचा अख्खा मोड्यूल बदलता येतो, आणि बदली दोन जातीची मिळते. एक, मूळ होता तसाच पॉटवाला. दुसरी, हॉल इफेक्ट किंवा टीएमआर, म्हणजे चुंबकाच्या जागेवरून स्टिकची जागा ओळखणारी. यात मोजण्यासाठी काहीच कशाला घासत नाही, त्यामुळे कार्बन झिजण्याचा प्रश्नच येत नाही. कल्पना नवी नाही. सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्ट या गेम कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये हीच पद्धत वापरली होती. इतकी वर्षं उलटून गेली तरी महागड्या कंट्रोलरमध्ये आपल्याला कार्बनची पट्टीच मिळते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्या कंट्रोलरमध्ये साधा मोड्यूल बसवला. वस्तू दीडशेची, मजुरी सहाशे. पहिल्या दिवसापासून हात ओळखीचा वाटला, काही शिकावं लागलं नाही. सात महिन्यांनी तीच स्टिक पुन्हा थरथरायला लागली.

भावाच्या कंट्रोलरमध्ये टीएमआरची जोडी टाकली. जोडीचे नऊशे आणि मजुरी हजार, कारण दोन्ही स्टिक काढायच्या होत्या. पहिले दोन-तीन दिवस त्याला स्टिक ‘हलकी’ वाटत होती. आता चौदा महिने झाले. मी अधूनमधून टेस्टरला लावून बघते, आकडा बसवला त्या दिवशीचाच आहे.

चुंबकीय मोड्यूलने सगळं सुटतं असं मात्र नाही. स्प्रिंग यातही आहे आणि ती सैल पडू शकते. स्टिक आत दाबल्यावर ‘टक’ वाजणारं बटण (डावीकडचं एल ३, उजवीकडचं आर ३) यातही यांत्रिकच आहे. पळण्यासाठी ते सतत दाबणाऱ्यांचं आधी तेच जातं. स्वस्तातल्या मोड्यूलमध्ये केंद्र सुरुवातीलाच वाकडं असू शकतं. हॉल आणि टीएमआर दोन्ही समोर असतील तर टीएमआर घ्या. तो वीज कमी खातो आणि बारीक हालचाल जास्त नीट पकडतो.

पण मोड्यूलपेक्षा हात महत्त्वाचा. एका स्टिकला सोल्डरचे चौदा टाके असतात. कारखान्यात वापरलेलं शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं, त्यातही ग्राउंडचे टाके तांब्याच्या मोठ्या पसाऱ्याला जोडलेले असल्यामुळे गनची उष्णता पिऊन टाकतात. जाणता कारागीर आधी प्रत्येक टाक्यात शिसेवालं ६३/३७ सोल्डर मिसळतो. ते १८३ अंशांना वितळतं, त्यामुळे मिश्रण लवकर सैल होतं. मग पंप आणि विक (वितळलेलं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची विणलेली पट्टी) लावून भोकं मोकळी करतो. मोड्यूल स्वतःच्या वजनाने निघाला पाहिजे. जो ओढून काढतो तो बोर्डवरचा पॅड, म्हणजे टाका बसतो ती तांब्याची टिकली, उखडतो. माझ्या बाबतीत पहिल्या दुकानात हेच झालं. स्टिक नवी बसली, पण एल ३ मेलं, आणि दुसऱ्याकडे जाऊन केसासारख्या वायरने तो मार्ग पुन्हा जोडून घ्यावा लागला.

म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारा: ‘बसवल्यावर कॅलिब्रेट कसं करता?’ ड्युअलसेन्स जुन्या स्टिकचं केंद्र स्वतःच्या मेमरीत जपून ठेवतो. नवा मोड्यूल बसवला की ते जुळत नाही. कंट्रोलर यूएसबीने जोडून, ब्राउझरमधल्या मोफत साधनाने आधी केंद्र आणि मग पूर्ण फेरीचा आवाका नोंदवावा लागतो, आणि शेवटी ते कायमचं साठवावं लागतं. ज्याला हे माहीत आहे त्याने हे काम बऱ्याचदा केलेलं असतं. ‘त्याची गरज नसते’ म्हणणाऱ्याकडे कंट्रोलर ठेवू नका. सुटे मोड्यूल पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधता येतात, ऑनलाइनही मिळतात.

पीएस ४ च्या हुबेहूब नकला बाजारात भरपूर आहेत. त्यांच्यात हे कॅलिब्रेशनच होत नाही. कंट्रोलर नकली निघाला तर त्याच्यावर खर्च करू नका.

निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉनची, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना लागणाऱ्या छोट्या कंट्रोलरची, गोष्ट वेगळी. तिथली स्टिक रिबन केबलने जोडलेली असते, सोल्डर लागतच नाही. तीन पाकळ्यांचा छोटा स्क्रूड्रायव्हर, फुलीचा छोटा स्क्रूड्रायव्हर, चिमटा आणि तासभर शांत वेळ असला की घरी होतं. जॉय-कॉनसाठी गुलीकिट कंपनीच्या हॉल स्टिकही मिळतात. युरोपात किंवा ब्रिटनमध्ये राहत असाल तर मात्र उघडू नका. ग्राहक संघटनांच्या तक्रारींनंतर २०२३ पासून निन्टेन्डो तिथे वॉरंटी संपल्यावरही ड्रिफ्ट फुकट दुरुस्त करून देते. आपल्याकडचे बहुतेक स्विच बाहेरून आणलेले, त्यामुळे इथे स्क्रूड्रायव्हरच जवळचा.

नवा घ्यायचाच असेल तर

तुम्ही कशावर खेळता, यावर सगळं ठरतं. पीसी किंवा मोबाइल असेल तर आनंदाची गोष्ट आहे. हॉल स्टिकचे कंट्रोलर दोन-तीन हजारांपासून मिळतात. गेमसर, एटबिटडो, आपल्याकडचा कॉस्मिक बाइट, सगळ्यांकडे आहेत. अशा वेळी हजार-दोन हजार दुरुस्तीत घालण्यापेक्षा मी सरळ नवा घेईन. खोक्यावर ‘हॉल’ किंवा ‘टीएमआर’ स्टिकसाठी लिहिलंय का ते नीट वाचा. काहींमध्ये फक्त ट्रिगर हॉलचे असतात आणि स्टिक पॉटवाल्याच.

एक्सबॉक्सला परवानाधारक कंट्रोलरच चालतो. गेमसर जी ७ एसई हा त्यातला हॉल स्टिकचा पर्याय आहे, पण वायरवाला. सोफ्यापासून टीव्ही लांब असेल तर आधी केबलचा विचार करा.

पीएस ५ वाल्यांची वाट सगळ्यात अरुंद. पीएस ५ चे खेळ इतर कंपन्यांचे बहुतेक कंट्रोलर स्वीकारत नाहीत. परवाना असलेला नेकॉन रेव्होल्यूशन ५ प्रो हॉल स्टिकचा आहे, पण किंमत ड्युअलसेन्सच्या कितीतरी वर जाते. सोनीच्या स्वतःच्या ड्युअलसेन्स एजमध्ये स्टिकचा मोड्यूल हाताने ओढून बदलता येतो. रचना सुंदर आहे, पण तो मोड्यूलही पॉटचाच, म्हणजे झिजला की पुन्हा विकत घ्यायचा. पीएस ५ वर खेळणाऱ्याने चांगला कारागीर शोधून आपल्याच कंट्रोलरमध्ये टीएमआर बसवून घ्यावा, असं मी पुन्हा पुन्हा सांगेन.

बॅटरी मेलीय, ट्रिगर खिळखिळे झालेत आणि वर ड्रिफ्ट असेल तर हिशोब बदलतो. तेव्हा एका भागासाठी दोन हजार घालू नका.

दुरुस्त झालेला कंट्रोलर घेताना पैसे देण्याआधी काउंटरवरच फोनला ब्लूटूथने जोडा. फोनच्या ब्राउझरमध्येही टेस्टर चालतो. दोन्ही स्टिक चारही बाजूंनी सोडून बघा, कडेने पूर्ण गोल फिरवा, एल ३ आणि आर ३ वीस-वीस वेळा दाबा. मग हळूच कंट्रोलर तिरका करून कानाशी हलवा. आत सुटा स्क्रू राहिला असेल तर तो लगेच वाजतो.