वॉटसन–ग्लेझर चाचणी: गुण कळतात, कल कळत नाही

तर्कशुद्ध विचार मोजणाऱ्या तयार चाचण्यांची यादी काढली की वॉटसन–ग्लेझरचं नाव लगेच येतं. गुडविन वॉटसन आणि एडवर्ड ग्लेझर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ती घडवली. आज ती पिअर्सन प्रकाशित करते, आणि वकिलांच्या फर्म आपले उमेदवार निवडताना ती सर्रास वापरतात. हे परीक्षण एकाच प्रश्नापुरतं आहे: माणसाचे संस्कार आणि त्याची ठाम मतं त्याच्या तर्कात कुठे आणि किती शिरतात, हे या चाचणीतून कळतं का?

वेळ लावून घेतल्या जाणाऱ्या आवृत्तीत ४० प्रश्न आणि ३० मिनिटं असतात, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. गृहीतकं ओळखण्याचे १२, युक्तिवाद जोखण्याचे १२, उताऱ्यावरून अनुमानाचे ५, निगमनाचे ५ आणि अर्थ लावण्याचे ६. यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे विषयांची निवड. काही उतारे हवामानासारख्या कोरड्या विषयांवर असतात, तर काही मुद्दाम राजकीय-सामाजिक वादाचे, वाचताच मत उसळी मारेल असे. मत तापलं की तर्क घसरतो हे चाचणी बनवणाऱ्यांनी पक्कं ओळखलं होतं. नुसत्या आकृत्या नाहीतर अक्षरांच्या मालिका देणाऱ्या चाचण्यांत ही सोयच नाही, म्हणून या विषयासाठी वॉटसन–ग्लेझर त्यांच्यापेक्षा कितीतरी सरस ठरते.

निगमनाचा भाग सर्वांत स्वच्छ आहे. विधानं खरी धरायची आणि निष्कर्ष त्यांतून निघतोच का, एवढंच सांगायचं. त्याच धाटणीचा हा नमुना पाहा: ‘सगळी व्यसनं आरोग्याला घातक असतात. तंबाखू आरोग्याला घातक आहे. म्हणून तंबाखू हे व्यसन आहे.’ भलेभले इथे ‘निघतो’ म्हणतात, कारण निष्कर्ष खरा आहे. आता सांगाडा तोच ठेवून शब्द बदला: ‘सगळे कावळे काळे असतात. कोळसा काळा आहे. म्हणून कोळसा हा कावळा आहे.’ चूक लहान मूलही पकडेल. दोन्हींत दोष एकच आहे, पण पहिल्यात आपल्या माहितीने त्यावर पांघरूण घातलं. तयारी करणाऱ्याने ही अदलाबदल हाताला बसवून घ्यावी. निष्कर्ष पटला की लगेच शब्द काढून कावळे-कोळसा घालून पाहायचं. १० सेकंद लागतात आणि निगमनातल्या बऱ्याच चुका तिथेच थांबतात.

पटणाऱ्या निष्कर्षाकडचा हा ओढा किती जबर असतो, ते ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जोनाथन इव्हान्स आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या प्रयोगात दिसलं. वैध (म्हणजे विधानांतून खरोखरच निघणारा) आणि पटणारा निष्कर्ष ८९ टक्के वेळा स्वीकारला गेला, वैध पण न पटणारा ५६ टक्के. अवैध पण पटणारा तब्बल ७१ टक्के, आणि अवैध व न पटणारा फक्त १० टक्के. मधले दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. चुकीचा पण आवडता निष्कर्ष बरोबर पण नावडत्यावर मात करून गेला.

अनुमानाच्या भागात मात्र चाचणीची शिवण उसवते. इथे पाच पर्याय असतात: खरं, बहुधा खरं, माहिती अपुरी, बहुधा खोटं, खोटं. ‘बहुधा’ ठरवताना जवळपास प्रत्येकाला असलेली सर्वसाधारण माहिती वापरायची मुभा सूचनांतच दिलेली आहे. समजा उतारा असा आहे: रात्रपाळीच्या २०० कामगारांपैकी ८० जणांनी झोप पुरत नसल्याचं सांगितलं. अनुमान: या ८० जणांची झोप रात्रपाळीमुळे बिघडली. दिवसपाळीचे आकडे दिलेलेच नाहीत, तेव्हा काटेकोर वाचणारा ‘माहिती अपुरी’ म्हणेल. ज्याच्या घरात कुणी वर्षानुवर्षं रात्रपाळी केली आहे, त्याला ही गोष्ट सर्वसाधारण माहितीच वाटते आणि तो ‘बहुधा खरं’ निवडेल. दोघांनीही सूचना पाळल्या. ‘प्रत्येकाला’ म्हणजे नेमकं कुणाला, हे समाजागणिक बदलतं, आणि गुणपत्रिकेत तो फरक विचारातली चूक म्हणून नोंदला जातो. ही या चाचणीची सर्वांत गंभीर उणीव आहे.

युक्तिवाद जोखण्याच्या भागातही तीच अडचण, थोड्या वेगळ्या रूपात. दिलेला युक्तिवाद खरा धरायचा, आणि तो महत्त्वाचा व प्रश्नाला थेट भिडणारा असेल तरच ‘सबळ’ म्हणायचा. थेट भिडतो की नाही हे तर्काने ठरतं. महत्त्वाचा आहे की नाही हे मूल्यांनी ठरतं. कुटुंबाची जबाबदारी मोठी मानणारा आणि व्यक्तीचं स्वातंत्र्य मोठं मानणारा, दोघे त्याच वाक्याला वेगळं वजन देतील. परीक्षेपुरता उपाय असा: आधी ‘थेट भिडतो का’ एवढंच तपासा; ती पायरी ओलांडली तरच महत्त्वाकडे वळा. उलट्या क्रमाने गेलात तर आवडता मुद्दा प्रश्नाशी संबंध नसतानाही सबळ वाटायला लागतो.

भाषेचाही फटका बसतो. तर्कशास्त्रात ‘काही’ म्हणजे किमान एक, कदाचित सगळेसुद्धा. बोलण्यात ‘काही मुलं पास झाली’ म्हटलं की ऐकणारा ‘बाकीची नापास’ असं धरतोच. ‘तर’ आणि ‘तरच’ यांचीही अशीच गल्लत: ‘पाऊस पडला तर सामना रद्द’ यावरून ‘सामना रद्द, म्हणजे पाऊस पडला’ असं सरळ म्हटलं जातं. सरावाचे प्रश्न मराठीत करणाऱ्याने प्रत्येक ‘काही’पुढे कंसात ‘निदान एक’ लिहून ठेवावं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी: विधानं तात्पुरती खरी धरायची ही सवय बरीचशी शिक्षणातून घडते. १९३१-३२ मध्ये सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना विचारलं: उत्तरेकडे जिथे बर्फ असतं तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, नोवाया झेम्ल्या उत्तरेकडे आहे, तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तरं अशा धाटणीची आली की जे पाहिलं नाही त्याबद्दल बोलणार नाही. हे मंदबुद्धीचं लक्षण म्हणता येत नाही. पुराव्याबद्दलचा तो एक कडक नियमच आहे. आपल्या न्यायदर्शनातही, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय परंपरेतही, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन (इथे अर्थ शेवटचा निष्कर्ष) या पाच अवयवांत उदाहरणाला हक्काची जागा आहे. पर्वतावर धूर दिसतो म्हणून अग्नी आहे, एवढ्यावर भागत नाही. ‘जसं स्वयंपाकघरात’ हे सांगावं लागतं. सांगाडा आणि अनुभव यांची पूर्ण फारकत करणं हा तर्काचा एकमेव घाट नव्हे. मानसशास्त्रज्ञ आरा नोरेनझायन आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात कोरियन आणि अमेरिकी विद्यार्थी अमूर्त प्रश्नांवर सारखेच ठरले. फरक पडला तो ओळखीच्या विषयांवर, जिथे कोरियन विद्यार्थ्यांवर निष्कर्ष पटण्या-न पटण्याचा परिणाम जास्त झाला.

आता गुणपत्रिका. एकूण गुण, तुलनात्मक स्थान, आणि गृहीतकं, युक्तिवाद व निष्कर्ष या तीन गटांतली कामगिरी मिळते. कोरड्या उताऱ्यांवर किती चुका आणि तापलेल्या उताऱ्यांवर किती, हे वेगळं दिलं जात नाही. प्रश्नांत पेरलेली सर्वांत उपयोगी माहिती निकालात मिसळून जाते. ‘गुण चांगले आहेत, म्हणजे मतांचा परिणाम होत नाही’ अशी समजूत करून घेणं तर धोक्याचं आहे. अमेरिकी अभ्यासक डॅन कहान यांच्या गटाने एका प्रयोगात त्वचेवरच्या पुरळाच्या मलमाचा एक तक्ता वापरला होता: मलम लावलेल्यांत २२३ बरे, ७५ बिघडलेले, न लावलेल्यांत १०७ बरे, २१ बिघडलेले. २२३ हा आकडा डोळ्यांत भरतो, पण प्रमाण काढलं तर मलमवाले सुमारे ७५ टक्के बरे झाले आणि बिनमलमाचे सुमारे ८४. आकडेमोडीत तरबेज लोकांना हे जास्त चांगलं जमलं. त्याच आकड्यांवर बंदूकबंदी आणि गुन्हे अशी नावं घातल्यावर मात याच तरबेज लोकांमधली राजकीय दरी सर्वांत रुंद झाली. अभ्यासकांनी याचा अर्थ असा लावला की नको असलेला निष्कर्ष समोर आला तेव्हाच ते खोलात जाऊन हिशेब करत होते.

म्हणून निवडीसाठी चाळणी म्हणून ही चाचणी घ्यावी, पण स्वतःचा कल ओळखायचा असेल तर सोबत एक छोटा संच हाताने बनवावा. १६ अनुमानं लिहा, प्रत्येक प्रकारची ४: वैध-पटणारी, वैध-न पटणारी, अवैध-पटणारी, अवैध-न पटणारी. विषय आपल्याला खरोखर झोंबणारे घ्या आणि क्रम पिसून टाका. वैधता दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्या, कारण आपल्याच अवैध अनुमानाला वैध समजून संच बिघडवणं ही इथली नेहमीची चूक आहे. दोन आठवडे बाजूला ठेवून मग सोडवा.

मोजणी सोपी आहे. तर्काचा आकडा म्हणजे स्वीकारलेली वैध वजा स्वीकारलेली अवैध. कलाचा आकडा म्हणजे स्वीकारलेली पटणारी वजा स्वीकारलेली न पटणारी. त्याच चार प्रकारांत अनुक्रमे ४, २, ३, ० स्वीकारली असतील, तर तर्क ३ आणि कल ५. इव्हान्सच्या टक्केवारीला हाच हिशेब लावला तर तर्क ६४ आणि कल ९४ येतो. कल तर्कापेक्षा मोठा आला, तर चुकलेल्या अनुमानांचे विषय एका खाली एक लिहून काढा. ज्या विषयाचं नाव दोनदा आलं, त्यावरचीच नवी ८ अनुमानं पुढच्या फेरीत घ्या.